'थांब' म्हटलं की दोरीवर बसायचं

या गोष्टीत भाऊंना कोणी नावं ठेवायची नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवते. ठेवायची तर मला ठेवा. गेल्या काही महिन्यांत मीच स्वतःला इतकी ठेवली आहेत की त्यात तुमची आणखी चार सहज मावतील.

भाऊ म्हणजे सहदेव परब. वय सदुसष्ट, राहायला घाटकोपरला भटवाडीत, मूळचे कणकवलीकडचे. वडील गिरणीत होते आणि भाऊ स्वतः भांडुपच्या एका कारखान्यात फिटर. तो कारखाना बंद पडला, आता तिथे टॉवर उभे आहेत. पण भाऊंची खरी नोकरी रविवारची. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी दगडाची एक बंद खाण आहे. तिथल्या उभ्या कातळावर भाऊ गेली चौतीस वर्षं पोरांना डोंगरावर जिवंत कसं राहायचं ते शिकवत आले. मंडळाला रजिस्टर केलेलं नाव आहे, पण ते कोणी घेत नाही. सगळे 'भाऊंचा ग्रुप' म्हणतात.

मी चेतना. विलेपार्ल्याला एका कॉलेजच्या ऑफिसात काचेच्या खिडकीमागे बसून आठवड्याचे सहा दिवस बोनाफाइडचे दाखले देते. पोरं येतात, मोबाइलमधून मान वर न काढता "मॅडम, अर्जंट आहे" म्हणतात, दाखला उचलतात आणि चालू पडतात. तेवीस वर्षांत एकानं जरी माझा चेहरा नीट बघितला असेल तर शपथ. आणि रविवारी सकाळी साडेसहाला खाणीत तसलीच, त्याच वयाची पोरं माझ्या तोंडाकडे टक लावून बघत असतात. बघतील नाही तर काय करतील? त्यांच्या कमरेला बांधलेल्या दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात असतं.

लोक विचारतात, सुट्टीच्या दिवशी उन्हातान्हात फुकट कशाला शिकवतेस गं? आईनं तर विचारून विचारून नाद सोडला. त्यांना काय सांगायचं. नवीन पोरगं कातळावर दहा फूट चढलं की त्याचे हात दगडाला चिकटतात. दोरी त्याच्या कमरेपासून वर जाऊन, वरच्या कडीतून फिरून, खाली माझ्याकडे आलेली असते, म्हणजे ते पडूच शकत नाही. हे त्याच्या डोक्याला कळतं, पण हातांना कळत नाही. म्हणून भाऊंचा पहिला धडा चढण्याचा नव्हताच, हात सोडण्याचा होता. खालून 'थांब' अशी हाक आली की दोन्ही हात सोडायचे आणि खुर्चीत बसावं तसं दोरीवर मागे बसायचं. विचार करायचा नाही. भाऊ हे शंभर वेळा करून घ्यायचे. पोरं कंटाळायची, कुरकुरायची, पण शेवटी 'थांब' कानावर पडलं की अंग आपोआप मागे जायचं.

आणि ते पहिल्यांदा हात सुटतात ना, तेव्हा माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो. आधी भीती, मग दोरी ताणली जाते, आणि मग त्याला कळतं की आपल्याला कोणीतरी धरलंय. कॉलेजातल्या टॉपरचा असो की घरी रोज शिव्या खाणाऱ्या पोराचा, तो चेहरा सारखाच. तो एक चेहरा बघायला मी तेवीस वर्षं रविवारची झोप सोडली. मला त्याचा पश्चात्ताप नव्हता. आता आहे.

भाऊंच्या दोन पद्धती सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे.

पहिली गोळीची. भाऊंच्या खिशात कायम लिमलेटच्या गोळ्या असायच्या. दिवसातून एकदा, कधी ते न सांगता, भाऊ कोणाची तरी गाठ मुद्दाम चुकीची बांधायचे. ज्याच्या लक्षात येईल त्याला गोळी. कोणाच्याच लक्षात आलं नाही तर पोरगं दोन पावलं चढेपर्यंत भाऊ गप्प राहायचे आणि मग दोरी धरून म्हणायचे, उतर खाली, मेलास तू. सगळे हसायचे. पण ते पोरगं जन्मात पुन्हा गाठ बघितल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही.

दुसरी पद्धत गोलाची. दुपारी ऊन कातळावर आलं की चढाई बंद आणि सगळे गोल करून बसायचे. मग प्रत्येकानं त्या दिवशीची आपली चूक सांगायची. भाऊंपासून सुरुवात. नियम एकच, आपली चूक आपण सांगायची, दुसऱ्याची कोणी काढायची नाही. दुसऱ्यानं काढली की माणूस लपवायला शिकतो, आणि डोंगरावर लपवलेली चूक कोणाचा तरी जीव घेते, असं भाऊ म्हणायचे.

तर गेल्या दिवाळीनंतर गोळ्या वाढल्या. दिवसाला एक असायची, ती दोन झाली. एका रविवारी तर चार वाटल्या. देवेश म्हणजे आमच्यातला तिसरा शिक्षक, अंधेरीला कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर असतो. तो म्हणाला की भाऊ आता सगळ्यांना डायबेटीस करूनच सोडणार. आम्ही हसलो. मी सगळ्यात जोरात हसले.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी भाऊ स्वतः चढायला उभे राहिले. दोरी माझ्याकडे होती. आमची आठाची गाठ अशी असते, की आधी दोरीचा आठ करायचा, मग टोक कमरेच्या पट्ट्यातून ओवून त्याच आठावरून उलट फिरवत आणायचं. भाऊंनी आठ केला होता, टोक पट्ट्यातून ओवलं होतं आणि पुढे नुसतं खोचून ठेवलं होतं. लांबून बघणाऱ्याला पक्की गाठ वाटेल, पण वजन पडलं की सुळकन सुटेल. मी पुढे गेले आणि हात पसरून म्हटलं, भाऊ, गोळी काढा.

भाऊंनी खाली गाठीकडे बघितलं. त्यांचा चेहरा खेळातला नव्हता. माणूस चुकीच्या स्टॉपवर उतरतो आणि बस निघून जाते, तेव्हा जसा इकडेतिकडे बघतो ना, तसे ते बघत होते. मग त्यांचा हात खिशात गेला आणि गोळी माझ्या तळहातावर आली. "लक्ष आसा गो तुजा," म्हणाले. मी त्यांची गाठ पुरी करून दिली. ते चढले, उतरले, झकास चढले. दुपारी गोलात भाऊंनी हेल्मेटचा पट्टा सैल राहिल्याची चूक सांगितली. मी पाण्याची बाटली विसरल्याची सांगितली.

मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण मी स्वतःला समजावलं की चूक भाऊंची आहे, आपण ती काढायची नाही, नियम आहे. वा रे नियम. खरी गोष्ट अशी की भाऊंना खडकावरून उतरवायचं माझ्याच्यानं झालं नसतं. बाबा गेले त्या वर्षी मी बावीसची होते, घरात तोंड शिवून बसायचे, तेव्हा ह्या माणसानं मला दोरीला बांधून कातळावर चढवलं आणि म्हणाला, आता रड, इथे कोणी ऐकत नाही. त्यांनाच जाऊन सांगू की तुमचे हात गेले? नाही जमलं.

आता रुचिरा. एकोणीस वर्षांची, घाटकोपरचीच. घरात तिचं नाव वेंधळी. कप फुटला की रुचिरा, किल्ली हरवली की रुचिरा. वडील हे सगळ्यांसमोर हसत हसत सांगायचे आणि तीही हसायची, पण तिचे कान लाल व्हायचे. खाणीत आली तेव्हा दोन रविवार तिचा आठ जमेना. तिसऱ्या रविवारी तिनं ओढणीवर सराव करून आलेली गाठ दाखवली. भाऊंनी ती हातात घेतली, वळवून बघितली आणि म्हणाले, अशी गाठ मलासुद्धा येत नाही. पोरगी त्या दिवशी जमिनीवरून चालत नव्हती. घरी जाताना मला सांगत होती, ताई, माझ्या हाताला काहीतरी येतं गं.

जानेवारीचा पहिला रविवार. रुचिरानं गाठ बांधली. मी बघितली, सुरेख होती. दोरी माझ्याकडे होती, मी तिच्यापासून दहा-बारा फुटांवर. भाऊ तिच्याजवळ गेले, काहीतरी दाखवायचं म्हणून त्यांनी ती गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. रुचिरा वर कातळाकडे बघत होती, हाताला पावडर चोळत होती आणि पहिला पाय कुठे ठेवणार ते सांगत होती. आठ झाला. टोक पट्ट्यातून गेलं. आणि खोचलं गेलं.

मी ते बघितलं. नीट ऐका, मी ते बघितलं. माझ्या मनात आलं ते एवढंच, की आज रुचिराची पाळी. गोळीचा खेळ. आता दोन पावलं चढेल आणि भाऊ म्हणतील, मेलीस तू.

भाऊ म्हणाले, "पक्की." ती चढली. एक पाऊल, दुसरं. मी भाऊंकडे बघितलं. भाऊ वळले आणि देवेशकडे चहाचा थर्मास मागायला गेले. तरी मी वाट बघितली. आज उशिरा पकडणार असतील, म्हटलं. डिसेंबरातला तो चेहरा बघूनही मी वाट बघितली. ती भराभर चढत होती. भाऊ थर्मासचं झाकण फिरवत होते, त्यांची पाठ कातळाकडे होती, आणि तेव्हा मला कळलं की हा खेळ नाही. रुचिरा पहिल्या मजल्याच्या खिडकीएवढ्या उंचीवर होती.

'दगड धर' म्हणायला हवं होतं. दोन शब्द. पण तेवीस वर्षं माझ्या तोंडात दुसराच शब्द बसला होता.

"रुचिरा, थांब!"

तिनं 'थांब' ऐकल्यावर करायचं ते केलं. शंभर वेळा शिकवलं होतं तसं. दोन्ही हात सोडले आणि खुर्चीत बसावं तशी मागे बसली. चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट माझ्या हाकेसरशी मला बघायला तिनं मान वळवली होती. माझ्या हातातली दोरी ताणलीच नाही. ती खाली आली.

उजव्या टाचेचा चुरा झाला आणि कमरेचा मणका पिचला. ऑपरेशन झालं, सळ्या घातल्या. डॉक्टर म्हणाले की चालेल, थोडी लंगडेल, पण उड्या, धावणं, चढणं हे आता विसरायचं. पोटच्या पोरीबद्दल हे ऐकून तिची आई भिंतीला टेकून खाली बसली. वडील रागानं बोलत होते, पण आमच्यावर नाही. ते म्हणत होते, मी सांगत होतो हिच्या हातात काही टिकत नाही, साधी गाठ आली नाही हिला.

रुचिराला शुद्ध आल्यावर मी भेटायला गेले. पडण्याआधीची पाच मिनिटं तिच्या डोक्यातून पुसली गेली होती. भाऊंनी गाठ सोडलेली तिला आठवत नव्हती. आपण गाठ बांधली तेवढंच आठवत होतं.

"ताई, मला वाटलं मी नीट बांधली," ती म्हणाली. "मला खरंच वाटलं गं."

मी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि आराम कर म्हटलं. अशी ही मी. दोरीवर भरवसा ठेवा म्हणून जगाला शिकवणारी.

त्या संध्याकाळी देवेशच्या घरी भाऊ, मी आणि तो बसलो. भाऊ म्हणाले की गाठ पोरीची, पण तपासायचं काम त्यांचं, हात न लावता त्यांनी पक्की म्हटलं, तेव्हा चूक त्यांची. देवेशच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मोठा माणूस, सगळं आपल्या अंगावर घेतो, असं तो मला जिन्यात म्हणाला. मी जिना उतरत राहिले. भाऊ खोटं बोलत नव्हते, त्यांना तेवढंच आठवत होतं. गाठ त्यांनी सोडली होती हे जगात फक्त मला माहीत होतं. आणि 'थांब' ही हाक देवेशला ऐकू आली होती, पण ती पडताना बघून मी ओरडले असं त्याला वाटलं. तेही मी तसंच राहू दिलं.

ठरलं असं की महिनाभर चढाई बंद ठेवायची आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी नवी तुकडी सुरू करायची. बावीस पोरांनी नावं दिली होती. गाठी शिकवणार भाऊ.

महिनाभर माझे दाखले चुकत होते. एका पोरीच्या दाखल्यावर दुसरीचं नाव घातलं. रात्री डोळा लागला की कानात माझाच आवाज यायचा. एक-दोनदा वाटलं की गप्प राहावं, आपणच भाऊंच्या मागे उभं राहून प्रत्येक गाठ तपासावी, कोणाला काय कळतंय. पण बावीस पोरं आणि मी एकटी. शिवाय तिकडे एक मुलगी पलंगावर पडून स्वतःच्या हातांकडे बघत असेल, तिचं काय? ती आता आयुष्यात चहाचा कपसुद्धा विश्वासानं उचलणार नाही. शेवटी नव्या तुकडीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी ऑफिस सुटल्यावर, मी मेट्रोनं घाटकोपरला उतरून घरी न जाता भटवाडीत गेले.

दार भाऊंच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी उघडलं. माझं तोंड बघूनच त्यांनी ओळखलं असावं, कारण त्यांनी मला आत न घेता आधी बाहेर गॅलरीत उभं केलं. गणपतीपासून चाललंय, म्हणाल्या. एकदा भाऊ विक्रोळीला हरवले होते, एका रिक्षावाल्यानं आणून सोडलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलंय, कागद कपाटात आहेत, ग्रुपात कोणाला कळू द्यायचं नाही म्हणून भाऊंनी त्यांना शपथ घातली. मग त्या हळूच म्हणाल्या, "पूर्वी गोळ्यांचं पाकीट महिनाभर पुरायचं गो. आता आठवड्याला संपतं. गाठ चुकली असं कोणी म्हटलं की गोळी द्यायची, म्हणजे पुढे कोणी विचारत नाही."

म्हणजे भाऊंना माहीत होतं. मला इतका संताप आला की तिथल्या तिथे परत फिरावंसं वाटलं. लपवलेली चूक जीव घेते म्हणून आम्हाला चौतीस वर्षं शिकवायचं, आणि स्वतः गोळ्यांखाली लपायचं? मग लक्षात आलं, की मी कुठल्या तोंडानं चिडतेय.

आत भाऊ खिडकीशी बसले होते. गजांना पडद्याच्या दोरीनं गाठी मारत होते. डझनभर गाठी होत्या. मी उभ्या उभ्या मोजल्या, आठ पक्क्या आणि चार अर्धवट खोचलेल्या. भाऊ समाधानानं सगळ्यांकडे सारखंच बघत होते.

मी सांगितलं. सगळं, क्रमानं, डिसेंबरपासून. माझं झाल्यावर त्यांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले.

"खरां सांग गो. गाठ माझ्या हातान सुटली?"

"हो भाऊ."

"आणि पोरगी काय समजता?"

"तिला वाटतं तिची चुकली."

वहिनींनी आणलेला चहा निवून गेला. मग ते म्हणाले, "पोरीक उद्या बोलवून घे. तिच्या बापाशीक पण. गोलात मीच सांगतलंय. मगे दोरी खाली ठेवतलंय."

मी त्यांच्या पाया पडले, तेवीस वर्षांत पहिल्यांदा. रडलेही. वाटलं, सुटलो. सगळे सुटलो. निघताना जिभेवर आलं होतं, की भाऊ, कागदावर लिहून ठेवा. पण त्या माणसाला असं सांगणं म्हणजे... नाही सांगितलं. पुन्हा तेच. भाऊंच्या गाठीला हात लावायचा नाही.

रविवारी मी देवेशला म्हटलं की आज गोल आधी, चढाई नंतर. रुचिराला तिच्या वडिलांनी गाडीतून आणलं, कमरेला पट्टा, पायाला प्लास्टर. चाकाची खुर्ची खडीवर चालेना, तेव्हा दोन पोरांनी ती उचलून आत आणली. ती कातळाकडे बघतच नव्हती. बावीस नवी पोरं नवीकोरी हेल्मेटं मांडीवर घेऊन बसली होती. भाऊ आले, इस्त्रीचा शर्ट, ताठ. रुचिराला बघून त्यांना खरंच आनंद झाला.

"पाय बरो झालो मा?" त्यांनी विचारलं. "परत कधी येतलंस चढूक?"

देवेशनं नव्या पोरांना गोलाचा नियम समजावून सांगितला आणि भाऊंना सुरुवात करायला सांगितली. भाऊ उभे राहिले. म्हणाले, आज रिक्षा मिळाली नाही, त्यामुळे यायला दहा मिनिटं उशीर झाला, ही माझी चूक. शिक्षकानं आधी पोचायला हवं. आणि ते खाली बसले.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते माझ्याकडे बघून मान हलवत होते, आता तुझी पाळी, म्हणून. काही काही उरलं नव्हतं त्यांच्या डोळ्यांत कालच्या दुपारचं.

दुसऱ्याची चूक काढायची नाही. मग मी माझी काढली. उभी राहिले आणि सांगितलं, की डिसेंबरात मला भाऊंची गाठ अर्धवट दिसली, ती मी पुरी केली आणि कोणाला सांगितलं नाही. जानेवारीत रुचिरानं गाठ नीट बांधली होती. ती सोडून पुन्हा अर्धवट बांधली गेली, तेही मला दिसलं. मला तो खेळ वाटला म्हणून मी तिला चढू दिलं. आणि ती वर असताना, दगड धर म्हणायच्या ऐवजी, मी तिला थांब म्हटलं. गाठ कोणी सोडली ते मी बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती, देवेशनं भाऊंकडे बघितलं आणि मग जमिनीकडे.

रुचिराचे वडील खुर्चीचा दांडा धरून उभे होते, त्यांचा हात सुटला. रुचिरानं पहिल्यांदा मान वर केली.

"म्हणजे मी बांधलेली गाठ बरोबर होती?"

"बरोबर होती. सुरेख होती."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, मी शपथेवर सांगते, मला ते दिसलं. हात सुटतात आणि दोरी धरते तेव्हाचा तो चेहरा. मग तो गेला.

"मग मला थांब का म्हणालीस, ताई? मी उतरू शकले असते."

ती वडिलांना म्हणाली, बाबा, घरी चला. पोरांनी पुन्हा खुर्ची उचलली. वडील जाताना माझ्याकडे बघत होते.

गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. देवेशनं कोणाला काही न विचारता दोरी गुंडाळायला घेतली. तेवढ्यात भाऊ उठले. गोल ओलांडून सावकाश माझ्यापाशी आले. मला वाटलं, आठवलं. आता काहीतरी म्हणतील, शिवी देतील, मारतील, काहीही चालेल.

भाऊंनी खिशात हात घातला.

"शाबास गो चेडवा," ते म्हणाले. "पकडलंस. लक्ष आसा तुजा."

आणि लिमलेटची गोळी माझ्या तळहातावर ठेवली. ते हसत होते, पण हात मागे घेतला नव्हता. मी वाट बघत होते तशी तेही वाट बघत होते, मी गोळी घेते की नाही याची. मी कागद सोडवला आणि गोळी तोंडात टाकली. बावीस नवी पोरं माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.